अर्धा चमचा मीठ आणि शेवटचा प्रकल्प

हल्ली कोणत्याही वस्तीत जा, संगणक वर्गाची एक तरी पाटी दिसतेच. कुठे डीटीपी, कुठे ग्राफिक डिझाइन, कुठे मल्टिमीडिया. आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. मूल सहा महिने, वर्षभर जाते-येते आणि एक दिवस घरी येऊन सांगते, "आता फायनल प्रोजेक्ट आहे, रात्री उशीर होईल." हा प्रोजेक्ट म्हणजे नेमके काय, हे बऱ्याच घरांत कोणाला ठाऊक नसते. सर्टिफिकेट मिळण्याआधी द्यायचा एक कागद, एवढीच समजूत असते. छपाईचे पैसे लागतील म्हणून मूल संकोचत मागते आणि आपणही 'आणखी किती?' असे विचारून देतो.

गेल्या वर्षी आम्ही स्वतः असा एक संध्याकाळचा वर्ग केला. लिहिण्याच्या कामात चार अक्षरे आपल्या हाताने मांडता यावीत, एवढाच हेतू होता. वर्गात आमच्या मुलांच्या वयाची तरुण मंडळी होती. शेवटचा प्रकल्प आम्हीही त्यांच्याबरोबर केला. त्या अनुभवातून जे उमगले ते या वेळी वाचकांसमोर ठेवत आहोत. ज्यांच्या घरी असे शिकणारे मूल आहे, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आमच्या शिक्षकांनी प्रकल्पासाठी तीन गोष्टी मागितल्या होत्या. पहिली, संगणकावर तयार केलेली मूळ फाइल. दुसरी, कागदावर छापलेली प्रत. तिसरी, दोन पानी टिपण. हे टिपण हाताने लिहायचे आणि त्यात एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे : जे केले ते तसेच का केले? निम्मे गुण या टिपणाला होते. हे ऐकून वर्गातली पोरे नाराज झाली. "आम्ही डिझाइन शिकायला आलो, निबंध लिहायला नाही," असे एकजण उघड म्हणाला. या टिपणाने पुढे काय केले ते ओघात येईलच.

आधी विषयाचे सांगतो. अशा प्रकल्पांसाठी मुले सहसा काय निवडतात? लग्नपत्रिका, वाढदिवसाचा बॅनर, जयंतीचा फलक, नाहीतर अस्तित्वात नसलेल्या एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह. यात कमीपणा नाही. फ्लेक्सच्या दुकानात हीच कामे येतात आणि त्यावरच अनेक घरांची चूल पेटते. पण बहुतेक वेळा होते असे की, मूल तयार नमुना उघडते, फोटो बदलते, नाव बदलते, मागे सोनेरी किरणे टाकते आणि प्रकल्प झाला म्हणून मोकळे होते. त्यात त्याचे स्वतःचे काय, असे विचारले तर सांगता येत नाही.

आमच्या गटात आम्ही धरून पाच जण होतो. दोन मुलगे, दोन मुली आणि आम्ही. एका मुलीची आई चार घरी धुणीभांडी करते, दुसरीचे वडील पालिकेत सफाई खात्यात आहेत. एक मुलगा सकाळी पेपर टाकतो, दुसरा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. घरी संगणक एकाकडेही नव्हता. वर्गातल्या संगणकावर जेवढा वेळ मिळेल तेवढा, बाकी मोबाइलवर.

विषय आम्हाला अंगणवाडीत मिळाला. पावसाळा तोंडावर होता. दरवर्षी या दिवसांत वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ येते. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "आम्ही ओआरएसची पाकिटं देतो. पण घरी ती कशी कालवतात ते बघायला आम्ही नसतो. कोणी पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट टाकतं, कोणी चिमूटचिमूट देतं. आणि पाकीट नसेल तेव्हा साखर-मीठ-पाणी कसं करायचं, ते तर दर घरी वेगळंच. एखादं चित्र काढून द्या ना, भिंतीवर लावायला."

वाचकहो, मागणी किती साधी वाटते! एक पोस्टर. पण कामाला बसलो तेव्हा कळले की, या साध्या पोस्टरमध्ये एका लेकराचा जीव गुंतलेला आहे.

घरी करायच्या मिश्रणाचे जगभर सांगितले जाणारे माप असे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. सहा आणि अर्धा. हे दोन आकडे उलटे झाले, किंवा मिठाचा चमचा शिगोशीग भरला, तर औषधाचे विष होते. मीठ जास्त झाले की रक्तातले क्षार वाढतात, लहान मुलाला झटकेही येऊ शकतात. साखर फार झाली तर जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात. प्रमाण बरोबर असेल तर साखर आतड्यातून मीठ आत ओढून घेते आणि मिठामागोमाग पाणी जाते. म्हणून नुसते पाणी पाजून जे होत नाही ते या पाण्याने होते.

या पाण्याचा इतिहास आम्ही टिपणासाठी शोधला. तो कळल्यावर गटातली मुले कामाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. १९७१ साली बांगलादेशच्या लढ्याच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, द्यायला माणसेही पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवले, ते पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितले की, हे पाजत राहा. जिथे शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण चाराच्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

पुढची गोष्ट आमच्या कामाला अधिक जवळची. १९८० पासून बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना मीठ-गुळाचे पाणी शिकवू लागल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरे त्यांनी पालथी घातली. त्यांचा मोबदला किती घरी गेल्या यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरी माणसे त्यांतल्या काही घरी जात आणि आईला किती आठवते, ती पाणी कसे करते, ते तपासत. आईला जितके नीट आठवे, तितके शिकवणारीला पैसे जास्त. म्हणजे शिकवणारीने काय सांगितले याला किंमत नव्हती. ऐकणारीने काय केले, याला होती.

आम्ही हेच सूत्र आमच्या पोस्टरला लावायचे ठरवले. आपल्याला पोस्टर कसे वाटते हा प्रश्नच बाजूला ठेवायचा. बघणारी बाई ते बघून हाताने काय करते, तेवढेच पाहायचे.

संगणकाला हात लावण्यापूर्वी वहीच्या पानांवर आम्ही मुद्दाम तीन वेगवेगळे आराखडे काढले. पहिल्यात मजकूर आणि मोठे आकडे. दुसऱ्यात चमच्यांची चित्रे, एका ओळीत सहा आणि खाली अर्धा. तिसऱ्यात घरातल्या वस्तूंचे फोटो. तिन्ही घेऊन समाजमंदिरामागच्या नळावर गेलो. पाणी यायला वेळ असतो, तेव्हा बायका मोकळ्या बसलेल्या असतात. बारा जणींना दाखवले. काही शिकलेल्या, काही अंगठा करणाऱ्या. एकीलाही 'समजलं का?' असे विचारले नाही. कारण त्याला सगळ्याच 'हो' म्हणतात. त्यांच्यापुढे बाटली, चमचा, साखर, मीठ ठेवले आणि म्हटले, "मावशी, यात दाखवलंय तसं करून दाखवता?"

त्या एका तासात आम्ही वर्गातल्या महिन्याभराएवढे शिकलो.

अर्धा चमचा दाखवण्याचे दोन प्रकार आम्ही करून पाहिले होते. एकात चमचाच अर्धा काढला होता. एक आजी तो पाहून म्हणाल्या, "बाई, हा चमचा मोडलाय की काय?" दुसऱ्या प्रकारात पूर्ण चमचा होता आणि त्यात अर्ध्यापर्यंत पांढरे मीठ. तो सगळ्यांना कळला. आकड्यांच्या आराखड्यात '½' ही खूण होती. ती दोघींनी 'बारा' अशी वाचली. बारा चमचे मीठ! त्या क्षणी आमच्या गटातल्या मुली एकमेकींकडे पाहतच राहिल्या. ती खूण तिथेच रद्द झाली आणि 'अर्धा' हा शब्द आणि अर्ध्या भरलेल्या चमच्याचे चित्र दोन्ही ठेवायचे ठरले.

'चुकीचे' दाखवण्यासाठी शीग असलेल्या चमच्यावर तांबडी फुली होती. तीन बायकांना ती दवाखान्याची खूण वाटली. म्हणजे ज्या चमच्याला आम्ही नको म्हणत होतो, तो त्यांना डॉक्टरांनी सांगितलेला चमचा वाटला! म्हणून चुकीचे चित्र दाखवायचेच नाही, फक्त बरोबर काय तेच दाखवायचे, असे ठरले. सुरीच्या पाठीने चमच्यावरची शीग काढणारा हात हे चित्र त्यातून आले. त्याखाली ओळ लिहिली, 'शीग काढून, सपाट चमचा.'

पाण्याचे मापही असेच. 'एक लिटर' म्हटले की कोणाच्या डोळ्यासमोर तांब्या येतो, कोणाच्या लोटा, कोणाच्या पेला. पण पाण्याची एक लिटरची प्लास्टिकची बाटली आज प्रत्येक घरात असते. म्हणून चित्रात तीच घेतली. पाकिटांचीही गंमत अशी की, बाजारात एक लिटर पाण्यासाठीचे मोठे पाकीट मिळते आणि २०० मिलिलिटरसाठीचे छोटेही मिळते. म्हणून 'पाकिटावर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्या, अख्खे पाकीट एकदम कालवा' ही ओळ सर्वांत वर गेली. पाकीट मिळत असेल तर तेच आधी वापरायचे, नसेल तेव्हाच घरचे मिश्रण. हा क्रम आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला पक्का करून दिला. संपूर्ण मजकूर त्यांच्या नजरेखालून घातल्याशिवाय एक अक्षरही पुढे नेले नाही.

मजकूर कमी करणे हे सर्वांत अवघड गेले. आमच्या पहिल्या यादीत चौदा सूचना होत्या. अंगावरचे दूध चालू ठेवा, मिश्रण अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये, चोवीस तासांनी उरलेले फेकून द्या, झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्या, असे सगळेच महत्त्वाचे. पण भिंतीवर चौदा ओळी लिहिल्या तर एकही वाचली जात नाही. शेवटी पोस्टरवर कालवण्याची पाच चित्रे ठेवली. त्याखाली वेगळ्या पट्टीत दवाखान्यात केव्हा धावायचे ते दिले : शौचात रक्त, सतत उलट्या, पाणी पिता न येणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल पडणे. बाकीचे सगळे ताईंच्या हातात द्यायच्या छोट्या पत्रकात गेले.

एवढे झाल्यावर मग संगणक सुरू केला. आता थोडे तांत्रिक सांगतो. शिकणाऱ्या मुलांना ते उपयोगी पडेल आणि आईबापांनाही मूल रात्री जागून काय करते ते कळेल.

पोस्टर ए-थ्री आकाराचे, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. छापायचे तर इंचाला ३०० ठिपके धरतात. त्या हिशेबाने चित्र साधारण ३५०८ बाय ४९६१ ठिपक्यांचे हवे. इंटरनेटवरून उचललेले बोटभर चित्र एवढे ताणले की त्याचे चौकोन-चौकोन दिसू लागतात. म्हणून चमचा, बाटली, हात ही चित्रे आम्ही रेषांच्या स्वरूपात काढली. अशी चित्रे कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत. त्यासाठी इंकस्केप हे सॉफ्टवेअर वापरले. ते २००३ पासून आहे आणि फुकट मिळते. महागडे सॉफ्टवेअर घरी नाही म्हणून काम अडले, असे कोणत्याही मुलाने मानू नये.

पडद्यावरचे रंग आणि कागदावरचे रंग वेगळे असतात, हेही तेव्हाच नीट कळले. पडदा लाल, हिरवा, निळा अशा उजेडातून रंग दाखवतो. छपाई निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंतून रंग उभा करते. पडद्यावर झळकणारा निळा कागदावर मंद उतरतो. म्हणून आधी एक छोटी प्रत छापून बघावी, मग मोठी. कडेपर्यंत रंग जाणार असेल तर चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जादा रंग सोडावा. कापताना पांढरी रेघ दिसत नाही.

अक्षरांचे प्रकरण मराठीला विशेष. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांचा होतो. युनिकोडमध्ये टाइप केले तर तो कुठेही मराठीच राहतो. आम्ही मुंबईच्या 'एक टाइप' यांचा 'मुक्ता' हा मोफत फॉन्ट घेतला. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीइतकेच अंतर दोन ओळींत ठेवले तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून ओळी मोकळ्या ठेवाव्या लागतात. दहा फुटांवरून वाचायचे तर अक्षर इंचभर उंच हवे, असा पाट्या रंगवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तो आम्ही शीर्षकाला लावला. दुकानात फाइल देताना 'फॉन्ट कर्व्ह करून द्या' असे का सांगतात तेही कळले. अक्षरांच्या रेषा झाल्या की दुकानाच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर चित्र नुसते पाठवले तर ते बारीक होऊन जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवावे लागते. पण कर्व्ह करण्यापूर्वीची फाइल वेगळी जपून ठेवायची. नंतर एखादा शब्द बदलायचा झाला तर तीच कामी येते.

मागितले की संगणक स्वतःच चित्र काढून देतो, ही सोयही आता आली आहे. गटातल्या एका मुलाने तीही करून पाहिली. चित्र मोठे देखणे आले. आई, बाळ, मागे सूर्योदय. पण चमचे मोजले तर आठ भरले, आणि मराठी अक्षरे अशी जोडलेली की कोणत्याच भाषेची नव्हती. तो मुलगा स्वतःच म्हणाला, "याला मीठ किती ते माहीत नाही." यंत्र वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. पण चमचे मोजायची जबाबदारी माणसाची आहे, ती यंत्रावर टाकता येत नाही.

मांडणीला किती मोठी ताकद असते, याचे एक ताजे उदाहरण आम्ही टिपणात घातले. औषधांच्या दुकानांत गोड पेयांचे डबे मिळत. त्यांवर 'ओआरएस' ही तीन अक्षरे मोठी असत. आत साखर कितीतरी जास्त आणि क्षार ठरलेल्या प्रमाणात नसत. आई ती तीन अक्षरे पाहून जुलाब झालेल्या मुलाला ते पाजी. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आदेश काढला की, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरता येणार नाही. विचार करा, तो डबाही कोणीतरी संगणकावर बसूनच सजवला असणार. रंग, अक्षर, आकार सगळे शिकलेले असणार. आई काय वाचेल हेही त्याला ठाऊक असणार. आमच्या गटातली मुले उद्या याच धंद्यात उतरणार आहेत. तेव्हा हे उदाहरण त्यांनी आजच पाहिलेले बरे.

आता त्या टिपणाकडे वळतो. परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते, जाहिरातीच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केलेले. त्यांनी पोस्टर हातात घेतले आणि विचारले, "एवढी जागा रिकामी का सोडली? काहीतरी भरायचं ना."

धुणीभांडी करणाऱ्या आईची ती मुलगी उभी राहिली. एरवी ती वर्गात मान वर करून बोलत नसे. ती म्हणाली, "सर, चमच्याच्या भोवती जागा मोकळी ठेवली की नजर आधी चमच्यावर जाते. आम्ही बाजूला फुलं काढून पाहिली होती. तेव्हा बारापैकी चार बायकांनी आधी फुलांकडे बघितलं. जागा मोकळी ठेवल्यावर सगळ्यांनी चमचा बघितला." परीक्षकांनी पुढे विचारले, "शीर्षक लाल का नाही?" ती म्हणाली, "लाल आम्ही खालच्या पट्टीसाठी राखून ठेवलाय. दवाखान्यात जायची खूण तेवढीच लाल. वर पण लाल केला असता तर खालचा दिसला नसता."

परीक्षकांनी पोस्टर खाली ठेवले आणि तिला खुर्ची दिली. पुढची दहा मिनिटे ते तिच्याशी आपल्या क्षेत्रातल्या माणसाशी बोलावे तसे बोलत होते.

हे बळ तिला कोठून आले? ती सॉफ्टवेअर इतरांइतकेच शिकली होती. पण तिने दोन पाने स्वतःच्या हाताने लिहिली होती. प्रत्येक 'का'चे उत्तर तिच्यापाशी होते आणि ते नळावरच्या बायकांनी दिलेले, खरे उत्तर होते. ज्याने तयार नमुन्यात नाव बदलले त्याला 'का' विचारले की तो गप्प होतो. आपली मुले मुलाखतीत गप्प होतात, तेव्हा आपण म्हणतो इंग्रजी कच्चे, हिंमत कमी. पुष्कळदा कारण एवढेच असते की, स्वतः विचार करून केलेले एकही काम त्यांच्या हातात नसते. असे एक काम असले की मोडक्या भाषेतही माणूस ठाम बोलतो.

म्हणून ज्यांच्या घरी असा प्रकल्प चालू आहे किंवा व्हायचा आहे, त्यांना आमचे काही सांगणे आहे.

विषय आपल्या अवतीभवतीचा घ्यावा. जिचा उपयोग कोणाला तरी उद्या होणार आहे अशी वस्तू करावी. आजोबांच्या गोळ्यांचा सकाळ-दुपार-रात्रीचा तक्ता, रेशनच्या दुकानावर लागणाऱ्या कागदपत्रांची यादी, रात्रशाळेचे पत्रक, बचत गटाच्या पापडाच्या पिशवीवरचे लेबल, वस्तीतल्या नव्या माणसाला दवाखान्याचा रस्ता दाखवणारा नकाशा. विषयांना तोटा नाही.

कच्चे आराखडे फेकू नयेत. तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवावेत. नोकरी मागायला जाताना तयार पोस्टरबरोबर तेही न्यावेत. काम कसे वाढत गेले हे पाहणाऱ्याला त्यातूनच कळते.

फाइल दोन ठिकाणी साठवावी. एक पेन ड्राइव्हवर, दुसरी ई-मेलवर स्वतःलाच पाठवून. वर्गातल्या संगणकावर उद्या दुसरा विद्यार्थी बसणार असतो.

आरोग्य, कायदा, पैसा यांविषयी काही लिहिले असेल तर जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. अक्षर सुंदर आणि माहिती खोटी, असे पोस्टर नसलेले बरे.

आणि आईबापांनी, विशेषतः घरातल्या बायकांनी, एक काम जरूर करावे. मूल चित्र दाखवील तेव्हा 'छान आहे' म्हणून मोकळे होऊ नये. आपल्याला त्यातून काय कळले ते त्याला सांगावे. आपल्याला वाचता येत नसेल तर अधिकच सांगावे. आमच्या पोस्टरमधला सर्वांत मोलाचा बदल एका निरक्षर आजींनी सुचवला. मोडक्या चमच्याची गोष्ट त्यांच्याच तोंडून आली. आपल्याला काय कळते त्यातले, असे म्हणून त्या गप्प बसल्या असत्या तर आम्हाला ते समजलेच नसते.

फी भरण्यापूर्वी वर्गात एवढे विचारावे की, शेवटचा प्रकल्प विद्यार्थी स्वतः करतो की तयार नमुने भरून घेतले जातात? त्याचे परीक्षण कोण करते? मुलाला त्यावर बोलायला लावतात का? या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली नाहीत तर दुसरा वर्ग शोधावा. सर्टिफिकेट कोणताही वर्ग देतो.

आमचे पोस्टर सध्या त्या अंगणवाडीत दाराच्या डाव्या हाताला आहे. छपाईला आलेला खर्च पाच जणांनी वाटून घेतला. पेपर टाकणाऱ्या मुलाला फ्लेक्सच्या दुकानात अर्धवेळ काम मिळाले आहे. मालकाने त्याला पहिल्याच दिवशी बारशाचे बॅनर करायला दिले. त्याने आधी विचारले, "हे कुठे लावणार आणि किती लांबून वाचायचं?" मालक म्हणाला, असे आजवर कोणी विचारले नव्हते.